दाढेची गोळी आणि आठ तासांचं ट्रेनिंग

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या क्लिनिकमध्ये बसायला जागा राहत नाही. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी ह्या पट्ट्यातली माणसं वर्षभर अंगावर काढलेली दाढ ऊसतोडीला निघायच्या आधी एकदाची काढून टाकायला येतात, कारण टोळी निघाली की मग फडावर दाढ कितीही ठणकली तरी सोडतंय कोण, एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे धरतो, आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो त्यामुळं एक जण कोपीत पडून राहिला की दुसऱ्याचंही काम बसतं. मग लवंग दाबायची, मशेरी दाबायची, आणि शेवटी मेडिकलवर जाऊन "दाढंची भारी गोळी द्या" म्हणायचं.

मागच्या सीझनच्या आधी असाच एक जण आला. पस्तिशीचा असेल. खालची शेवटची दाढ पार पोखरलेली, गालावर सूज. मी सुई भरत होते तेवढ्यात त्यानं शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक स्ट्रिप काढली आणि माझ्यापुढं धरली. दहातल्या आठ गोळ्या संपलेल्या, स्ट्रिप कात्रीनं मधून कापलेली त्यामुळं नाव अर्धवट, पण लाल पट्टी आणि 'ट्रामा' एवढी अक्षरं शिल्लक होती. म्हणाला, "बाई, दाढ काडा, पण गोळ्या ह्याच द्या. ह्यानं दाढ बी राहती अन् अंग बी हलकं होतं."

हे दुसरं वाक्य ऐकून मी सुई खाली ठेवली.

विचारत गेले तसं कळलं की दोन वर्षांपूर्वी फडाच्या जवळच्या कुठल्याशा गावात दाढेसाठीच कुणीतरी ही गोळी लिहून दिली होती, पाच दिवसांची. दाढ दुखायची राहिली, आणि पहाटे चारला उठून थंडीत मोळ्या बांधताना कंबरसुद्धा दुखली नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात परत घेतली, मग रोज एक, मग दोन, आता तीन. मी विचारलं, एखाद्या दिवशी नाही घेतली तर काय होतं? तर म्हणे नाक गळतं, पोटात मुरडा येतो, अंग मोडून येतं, रात्रभर पाय वळवळतात, झोप नाही. त्याला वाटत होतं की तो आजारी आहे आणि ही गोळी त्या आजाराचं औषध आहे. गोळी सुटली की होणारा त्रास आहे हा, हे त्याला दोन वर्षांत कुणीही सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण, त्याचा डॉक्टर म्हणजे ती कापलेली स्ट्रिप.

मला त्या कुणीतरी लिहून देणाऱ्यावर राग आला, पण फार वेळ टिकला नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हेच लिहायचे. क्लिनिक नवीन होतं, एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, आला, ट्रामाडॉल साडेसदतीस आणि पॅरासिटामॉल तीनशे पंचवीस असं कॉम्बिनेशन, सोबत चकचकीत कागद, आणि म्हणाला मॅडम सर्जिकल एक्स्ट्रॅक्शननंतर हे द्या, रात्री पेशंटचा फोन येणार नाही. खरंच येत नव्हता. म्हणून मी प्रत्येक अवघड अक्कलदाढेला ते लिहीत गेले, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, हात आपोआप चालायचा. आणि मग एकदा एक शिक्षिका, ज्यांची दाढ मी आदल्या दिवशी काढली होती, त्यांना त्यांचा मुलगा घेऊन आला. घामानं पदर ओला झालेला, हात इतके थरथरत होते की केसपेपरवर सही करायला पेन धरता येईना. मी घाबरून शेजारच्या एमडी डॉक्टरांकडं पळवलं, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, दुसरी कुठली गोळी चालू आहे का? डिप्रेशनची चालू होती, दीड वर्षापासून. त्या गोळ्या आणि ट्रामाडॉल एकत्र आले की मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढून असा त्रास होऊ शकतो, फिटसुद्धा येऊ शकते. हे मी बीडीएसच्या सेकंड इयरला फार्माकोलॉजीत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण बाईंना मी विचारलंच नव्हतं. त्या बऱ्या झाल्या, माझ्यावर चिडल्याही नाहीत, आणि त्यांचं ते न चिडणं मला आजही बोचतं.

हे सगळं आत्ता लिहायला बसले कारण माझी एक बॅचमेट न्यू जर्सीत डेंटिस्ट आहे, तिच्याशी परवा फोनवर बोलत होते. तिला ह्या स्ट्रिपवाल्याचं सांगितलं तर ती म्हणाली, अगं आमच्याकडं आता अशी गोळी लिहायची म्हणजे आधी ट्रेनिंग लागतं. आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून आणि नंतर स्वतः वाचून मला वाटलं की आपल्याकडच्या डेंटिस्ट लोकांना हे माहीत पाहिजे.

तिकडं २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि २७ जून २०२३ पासून लागू झाला. डीईए म्हणून त्यांचं खातं आहे, नशेच्या औषधांवर नजर ठेवणारं, त्याच्याकडं रजिस्ट्रेशन असल्याशिवाय कुणाला अशी औषधं लिहिता येत नाहीत. ते रजिस्ट्रेशन नवीन काढताना किंवा रिन्यू करताना प्रत्येकानं आठ तासांचं ट्रेनिंग झाल्याचं सांगायचं, आयुष्यात एकदाच, तुकड्या-तुकड्यात केलं तरी चालतं. जनावरांचे डॉक्टर सोडले तर सगळ्यांना लागू, डेंटिस्टसुद्धा. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे डेंटिस्टसाठी त्यात दाताच्या दुखण्यावर सुरक्षित औषधं कशी द्यायची हे आहे, आणि समोरच्या माणसाला व्यसन लागलंय का हे कसं ओळखायचं, त्याच्याशी दोन मिनिटात कसं बोलायचं, पुढं कुठं पाठवायचं, हेही आहे. त्याशिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सीत २०१७ पासून नव्या दुखण्याला पहिल्यांदा पाच दिवसांपेक्षा जास्त ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉल, मॉर्फिन अशी अफूच्या जातीची दुखणं मारणारी औषधं, लिहिता येत नाहीत. आणि त्यांच्या प्रत्येक राज्यात कॉम्प्युटरवर पेशंटचं नाव टाकलं की ह्या माणसानं गेल्या काही महिन्यांत कुठून कुठून अशा गोळ्या घेतल्या ते दिसतं. माझ्या स्ट्रिपवाल्याचं नाव असं कुठं टाकता आलं असतं तर?

अर्थात त्यांच्यावर ही वेळ का आली तेही बघायला हवं. १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची गोळी बाजारात आली, दुखणं म्हणजे ओपिऑइड असं डॉक्टरांना पटवलं गेलं, आणि त्यात डेंटिस्टही होते. २०१६ सालच्या चिठ्ठ्यांचा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या डेंटिस्टनी लिहिलेल्या सगळ्या प्रिस्क्रिप्शनपैकी २२ टक्क्यांच्या वर ओपिऑइडची होती आणि इंग्लंडमध्ये फक्त ०.६ टक्के. आता इंग्रजांच्या दाढा काय कमी दुखतात का? तिकडच्या सरकारी यादीत डेंटिस्टला ओपिऑइडमधलं एकच औषध लिहिता येतं, डायहायड्रोकोडीन, बाकी नाही, आणि त्यांचं काम अडत नाही. दुसरा एक अभ्यास १६ ते २५ वयाच्या पोरांचा, ज्यांना डेंटिस्टकडून ओपिऑइड मिळाली त्यातल्या ५.८ टक्के पोरांच्या नावावर वर्षभरात ओपिऑइडशी संबंधित व्यसनाची नोंद झाली, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात ०.४ टक्के. अक्कलदाढ काढायचं वय हेच असतं. पुढं गोळ्या आवळल्यावर बाजारात चोरीछुपे फेंटॅनिल हे फार जहाल ओपिऑइड आलं आणि २०२२ मध्ये तिकडं ओव्हरडोसनं एक लाख सात हजारांच्या वर माणसं गेली. हे सगळं डेंटिस्टमुळं झालं असं अजिबात नाही, पण कितीतरी पोरांची पहिली गोळी अक्कलदाढेची होती.

आपल्याकडं नियम नाहीत असंही नाही. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची एक कडक यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यात ट्रामाडॉल आहे. मेडिकलवाल्यानं वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल नशेच्या औषधांवरच्या एनडीपीएस कायद्याखालीही आलं. कागदावर नियम पक्के आहेत. पण चिठ्ठीवर एकूण किती गोळ्या हे आपण लिहितच नाही, नुसतं 'पाच दिवस' असा फराटा मारतो, आणि तीच चिठ्ठी घेऊन माणूस चार गावांत चार वेळा गोळ्या घेतो. मी आमच्या खालच्या मेडिकलवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, मॅडम आम्ही रजिस्टर लिहितो, पण तुमच्याच लोकांच्या चिठ्ठीत आकडा नसतो, तारीख नसते, आम्ही काय लिहायचं? मला उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी आकड्यातही लिहिते आणि अक्षरातही लिहिते, 'एकूण ९, नऊ गोळ्या', आणि खाली 'पुन्हा देऊ नये'.

ट्रेनिंगचं म्हणाल तर आपल्याला रजिस्ट्रेशन चालू ठेवायला सीडीईचे, म्हणजे डेंटिस्टनी पुढं शिकत राहायच्या कोर्सचे, पॉइंट लागतात, त्यासाठी मी संभाजीनगरला, लातूरला, पुण्याला गेलेय. इम्प्लांट, अलायनर, लेझर, स्माईल डिझाइन, सगळं ऐकलं. दुखणं ह्या विषयावर एक अख्खं सेशन, जे घेऊन पेशंट आपल्या दारात येतो ते दुखणं, आजवर माझ्या वाट्याला आलेलं नाही. व्यसनावर तर नाहीच. आणि एम्सनं २०१९ ला जो देशभराचा सर्व्हे दिला त्यात ओपिऑइड घेणारे सव्वादोन कोटी लोक निघाले, त्यात गोळ्या-औषधांतून घेणारेही लाखोंनी. हे लोक आपल्या खुर्चीत बसत नसतील असं कसं म्हणायचं.

आता मुद्द्याचं. दाढदुखीला ही गोळी लागत नाही. हे मी आदर्श म्हणून सांगत नाहीये, औषध म्हणूनच ती कमी पडते. दाताच्या आत नस असते ती टणक भिंतीच्या खोलीत असते, तिला सूज आली की फुगायला जागा नाही, म्हणून तो ठणका. दाढ काढल्यावरचं दुखणंही सुजेचंच. आयबुप्रोफेन ती सूजच कमी करतं, जिथं दुखतंय तिथं. ट्रामाडॉल सुजेला हातच लावत नाही, ते डोक्यात जाऊन दुखण्याची जाणीव बोथट करतं. अमेरिकेत अठराशेच्या वर पेशंटवर केलेला एक अभ्यास २०२५ च्या सुरुवातीला छापून आला, अक्कलदाढ काढल्यावर अर्ध्यांना हायड्रोकोडोन ह्या ओपिऑइडवालं कॉम्बिनेशन, अर्ध्यांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दुसऱ्या गटालाच कमी दुखलं, झोप बरी लागली. २०२४ ला तिकडच्या डेंटल असोसिएशननं गाईडलाईन दिली तीही हीच, आधी आयबुप्रोफेन ४०० एकटं किंवा सोबत पॅरासिटामॉल ५००, ओपिऑइड शक्यतो नकोच. बारा वर्षांखालच्या लेकरांना तर कोडीन, ट्रामाडॉल देऊच नये असं तिथल्या औषध खात्यानं, एफडीएनं, २०१७ लाच सांगितलंय, कारण काही लेकरांच्या शरीरात ते फार झपाट्यानं जहाल रूपात बदलतं आणि श्वास मंदावतो.

मी काय करते सांगते. पहिली गोळी भूल उतरायच्या आधी, क्लिनिकमध्येच, माझ्यासमोर, काहीतरी खाऊन आलाय ना हे विचारून. अवघड दाढ असेल तर शेवटी बुपिवाकेनची भूल देते, ते सहा-आठ तास बधिर ठेवतं, पहिली रात्र निघते. मग दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे, दुखेल तेव्हा असं नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी गाल धरून आला, कानापर्यंत कळ जाते म्हणाला, तर गोळी वाढवायची नसते, खड्डा बघायचा असतो. आत रक्ताची गुठळी नाही, पांढरं हाड दिसतंय, वास येतोय, तर तो ड्राय सॉकेट. सलाईननं धुवून लवंगतेलाची ड्रेसिंग ठेवली की दहा मिनिटांत माणसाचा चेहरा बदलतो. आपली आजी म्हणायची लवंग दाब, तेच हे, लवंगेतलं युजेनॉल. तिथं ट्रामाडॉल लिहिणं म्हणजे घराला आग लागलीय आणि आपण फक्त डोळे झाकतोय.

पण आयबुप्रोफेनही डोळे मिटून देऊ नये, विशेषतः आपल्या भागात. किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदर बाई, डेंग्यूचा संशय, ह्यात नाही. आणि ऊसतोडीच्या माणसाला उन्हात घाम गाळत, पाणी न पिता ह्या गोळ्या दिवसेंदिवस चालू ठेवल्या तर किडनीवर येतं, त्याला तीन दिवसांवर नको हे मी बजावून सांगते, बायकोसमोर सांगते, कारण लक्षात तीच ठेवते.

एवढं ऐकून कुणाला वाटेल की मग ही औषधं बंदच करा. नाही. माझे चुलत सासरे गालाच्या कॅन्सरनं गेले, तीस वर्षं तंबाखू, नंतर गुटखा. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची आहे पण पुडी त्यांना शेवटपर्यंत मिळत होती. शेवटचे दोन महिने गालातून आरपार जखम, रात्री उशीत तोंड खुपसून विव्हळायचे, शेजारच्या वाड्यात ऐकू जायचं. आम्ही ज्या ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी हीच ट्रामाडॉल दिली, सुया दिल्या, मॉर्फिनचं नाव काढलं की सगळे कायद्याला घाबरायचे. १९८५ च्या एनडीपीएसनं एवढी दहशत बसवली, चूक झाली तर दहा वर्षं आत, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि १९९७ साली अख्ख्या देशाचा वापर १८ किलोवर आला. अफूची सरकारी शेती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला सरकारी कारखाना, आणि बीडचा म्हातारा विव्हळत मेला. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सोबतच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ ला कायदा बदलला, मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल धरून सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, आणि दुखणं कमी करायचं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर असलेल्या मान्यताप्राप्त दवाखान्याला ती ठेवता येतात. आमच्या घरातलं आजारपण ह्या बदलानंतरचं आहे. मी डेंटिस्ट असून मला हे माहीत नव्हतं. त्यांना अकरा दिवस उरले असताना एका ओळखीच्या डॉक्टरांनी रस्ता दाखवला, मॉर्फिनच्या साध्या तोंडातून घ्यायच्या गोळ्या, दर चार तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले आणि नातवाला म्हणाले, रेडिओ लाव रे.

तोंडाचा कॅन्सर सगळ्यात आधी आपल्याला दिसतो, डेंटिस्टला. गुटख्यानं तोंड एक बोटही उघडत नाही अशी विशी-बाविशीतली पोरं आठवड्याला दोन-तीन येतात. म्हणून मला वाटतं आपल्याला ट्रेनिंग दोन्ही बाजूंचं पाहिजे, दाढेला ओपिऑइड का नको आणि कॅन्सरला ते का हवं, कुठं मिळतं, पेशंटला कुणाकडं पाठवायचं. नुसता नियम कडक केला तर काय होतं ते आपण १९८५ नंतर बघितलं. अमेरिकेनं पण बघितलं, २०१६ च्या त्यांच्या ओपिऑइड लिहायच्या गाईडलाईनचे आकडे लोकांनी इतके ताणून लावले की जुन्या दुखण्याच्या पेशंटचे हाल झाले आणि २०२२ ला ती सैल करावी लागली.

डेंटल कौन्सिलच्या जागी कमिशन आणायचा कायदा २०२३ ला झालाय, नवीन नियम त्यात बनायचे आहेत, तर सीडीईच्या पॉइंटांमध्ये आठ तास ह्याचे सक्तीचे करा, एवढं मागायला काय हरकत आहे? मी आमच्या भागातल्या डेंटिस्ट ग्रुपवर टाकलं, एका रविवारी अर्धा दिवस बसू, एक सायकियाट्रिस्ट आणि एक पॅलिएटिव्हवाले, म्हणजे कॅन्सरसारख्या आजारात दुखणं कमी करणारे, डॉक्टर बोलावू, हॉल मी बघते. चाळीसपैकी सहा जण हो म्हणाले. सहा तर सहा.

त्या स्ट्रिपवाल्या दादांची दाढ मी त्या दिवशी काढली. गोळी एकदम बंद करू नका म्हणून सांगितलं, कारण तसं केलं तर त्रास होऊन माणूस दुप्पट घेतो, आणि बीडला सायकियाट्रिस्टकडं चिठ्ठी दिली. आधी म्हणाले, "म्या काय येडा हाय का? कामून पाठवता?" त्यांची बायको दारात उभी होती, पदराला हात पुसत म्हणाली, "येडे नाहीत, पण चला." डॉक्टरांनी हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलं, गोळ्या बायकोच्या हातात, ती रोज मोजून देणार असं ठरलं. टोळी ठरल्या तारखेला गेली. जानेवारीत तिचा फोन आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "बाई, आता रातची एकच राह्यली. पर हितला मेडिकलवाला म्हणतो पुरं पाकीट घ्या, सुटं देत न्हाई. काय करू?" मी म्हटलं, फोन त्याला दे.